उघडा हेडफोन : श्रवणाचें सुख आणि कानांची राखण

गेल्या कांहीं वर्षांत सुशिक्षित कुटुंबांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या हातीं एक नवीन वस्तु येऊं लागली आहे. परदेशीं किंवा पुण्यामुंबईस चांगल्या हुद्यावर असलेलीं मुलें, आईवडिलांस गाण्याची आवड आहे हें जाणून, दिवाळीस अगर साठीशांतीच्या निमित्तानें त्यांस उंची हेडफोन पाठवितात. पेटी उघडली जाते, यंत्र डोक्यावर चढतें, पांच मिनिटें गाणें ऐकलें जातें, आणि मग "कान आवळतात", "बाहेरचें सगळें ऐकूं येतें", "आपल्या जुन्या रेडिओवर याहून गोड लागत होतें" असे अभिप्राय निघून तें यंत्र कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसतें. मुलानें फोनवर विचारलें म्हणजे "फार छान आहे रे" एवढें उत्तर जातें. देणाऱ्याचे पैसे, घेणाऱ्याची हौस आणि ज्याचें गाणें ऐकावयाचें तो गवई, या तिघांचीही त्यांत उपेक्षा होते. वास्तविक यंत्रांत दोष नसतो. त्याच्याशीं वागावें कसें हें कोणीं सांगितलेलें नसतें. तें यथामति सांगावें असा या महिन्यांत आमचा विचार आहे.

'हेडफोन' या शब्दास संस्कृत धातूंवरून प्रतिशब्द घडविणें कांहीं अवघड नाहीं; परंतु दुकानांत जाऊन 'कर्णध्वनिक' मागणाऱ्या गृहस्थास रिकाम्या हातानें परतावें लागेल, म्हणून आम्ही रूढ शब्दच वापरतों. त्याच्या अवयवांस मात्र पडदा, वाटी, गादी आणि कमान हीं आपलीं घरगुती नांवें पुरेशीं आहेत.

हेडफोनच्या मुख्य जाती दोन, एक बंद आणि दुसरी उघडी. प्रत्येक वाटींत एक पातळ पडदा असतो. विजेच्या प्रवाहानें तो पुढें-मागें थरथरतो आणि हवा हालवून ध्वनि उत्पन्न करतो. हा पडदा जेवढा ध्वनि कानाकडे लोटतो, जवळजवळ तेवढाच पाठीकडेही लोटतो. बंद जातींत वाटीची पाठ बुजविलेली असते. त्यामुळें मागचा ध्वनि आंत कोंडतो, आणि तो नीट शोषला गेला नाहीं तर भिंतीवर आपटून परत फिरतो व मूळ ध्वनींत घोटाळा करतो. रिकाम्या घागरींत तोंड घालून बोललें असतां आवाज कसा घुमतो हें लहानपणीं आपण सर्वांनीं अनुभविलें आहे. उघड्या जातींत पाठीस नुसती जाळी असते. मागचा ध्वनि तींतून मोकळा निघून जातो. म्हणून या जातीच्या हेडफोनमधील गाणें डोक्यांत कोंडल्यासारखें कमी वाटतें आणि त्याच्याभोंवतीं थोडी मोकळी हवा असल्याचा भास होतो. शिवाय कानास वारा लागतो व घामही कमी येतो.

हेडफोन ही वस्तु शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेंत नॅथॅनियल बाल्डविन यानें १९१० सालीं तेथील नौदलास जे हेडफोन पुरविले ते संदेश ऐकण्याच्या कामाचे होते. जॉन कॉस यानें १९५८ सालीं दोन कानांस दोन निरनिराळे ध्वनि देणारा, खास संगीतासाठीं केलेला हेडफोन लोकांपुढें मांडला. उघड्या जातीचा हेडफोन प्रथम बाजारांत आणण्याचें श्रेय जर्मनींतील सेनहायझर या कंपनीकडे जातें. तिचा एचडी ४१४ हा हेडफोन १९६८ सालीं निघाला. त्याच कंपनीचा १९९७ सालीं निघालेला एचडी ६०० हा आम्ही या लेखांत उदाहरणादाखल घेतों. कारण तो पुष्कळांच्या घरीं आढळतो, आणि त्याच्या गाद्या, जाळ्या व वायर हे भाग सुटे होऊन पुन्हां बसवितां येतात. त्याचें वजन सुमारें २६० ग्रॅम असून विद्युत्-रोध ३०० ओहम आहे. याहून पुष्कळ महागडे हेडफोनही आहेत. परंतु पुढील गोष्टी त्या सर्वांस सारख्याच लागू पडतात.

पहिली गोष्ट जागेची. उघड्या वाटींतून जसा आंतला ध्वनि बाहेर जातो, तसा बाहेरचा ध्वनिही बिनदिक्कत आंत येतो. आगगाडींत, रस्त्यालगतच्या गच्चींत किंवा दूरदर्शन चालू असलेल्या दिवाणखान्यांत हें यंत्र घालून बसणें म्हणजे भर बाजारांत संध्या करावयास बसणें होय. डोक्यावरचा पंखा हा तर या कामीं मोठाच शत्रु. त्याची घरघर सतत असल्यामुळें आपल्या लक्षांत येत नाहीं, परंतु तानपुऱ्याचा बारीक झंकार आणि गायकाचा श्वास ती खाऊन टाकते. मग मनुष्य आवाज वाढवितो, आणि तेथून सर्व अनर्थास आरंभ होतो. खोलीचें दार लोटून, पंखा मंद करून, पहांटे किंवा रात्रीं सामसूम झाल्यावर ऐकलें असतां तेंच यंत्र दुप्पट किंमतीचें वाटूं लागतें. त्याकरितां खर्च कांहींच येत नाहीं. ज्या खोलींत दुसरें कोणी निजलें असेल अगर अभ्यास करीत असेल, तेथें मात्र हा हेडफोन वापरूं नये. शेजाऱ्यास त्यांतून डांसाच्या गुणगुणण्यासारखा ध्वनि ऐकूं येतो आणि तो फार त्रासदायक असतो.

दुसरी गोष्ट डोक्यावर बसविण्याची. प्रथम डावें-उजवें पाहून घ्यावें. वाट्यांजवळ तशी खूण असते. कमानीचे दोन्ही सरकते भाग थोडे बाहेर ओढून हेडफोन वरून अलगद उतरवावा, आणि मग कमान टाळूस नुसती स्पर्श करील इतपत ते आंत घ्यावे. संपूर्ण कान गादीच्या आंत सामावला पाहिजे. पाळी चिमटली जातां कामा नये, किंवा कानाचा वरचा कांठ पडद्याच्या जाळीस टेकतां कामा नये. वाटी एका बोटाच्या रुंदीनें पुढें किंवा मागें सरकविली असतां स्वर बदलतो, कारण कानाच्या बाहेरील वळ्यांवरून उंच स्वर निरनिराळ्या कोनांनीं परावर्तित होतात. गाणें चालू ठेवून वाटी किंचित् वरखालीं, पुढेंमागें करून पाहावी. जेथें शब्द स्पष्ट आणि आवाज भरदार लागेल तेथें थांबावें, आणि कमानीचा सरकता भाग कितव्या खांचेवर आहे तें ध्यानांत ठेवावें. दोन्ही बाजूंच्या खांचा सारख्या येतीलच असें नाहीं. मनुष्याचे दोन्ही कान क्वचितच अगदीं एका उंचीवर असतात.

नवा एचडी ६०० गालफडें आवळतो ही तक्रार खरी आहे. पुस्तकांचा एक गठ्ठा आपल्या डोक्याहून थोडासा रुंद करावा, त्यावर हेडफोन चढवून रात्रभर ठेवावा, सकाळीं घालून पाहावा, आणि जरूर वाटल्यास पुन्हां तसेंच करावें. एकदम हातानें फांकवूं नये. दाब अगदींच नाहींसाही करूं नये. गादी गालास सर्व बाजूंनीं हलकेच चिकटली पाहिजे, नाहींतर खर्जाचा ध्वनि फटींतून निसटून जातो. चष्म्याची जाड दांडी हीही अशीच एक फट पाडते. गाणें ऐकतांना वाचावयाचें नसतें, तेव्हां चष्मा काढून ठेवणें उत्तम. तें न जमल्यास बारीक दांडीचा चष्मा घालावा. स्त्रियांनीं अंबाडा थोडा खालीं बांधावा म्हणजे कमान मागें रेटली जात नाहीं. कुड्या आणि बुगड्या काढून ठेवाव्या, कारण गादीच्या दाबानें त्या अर्ध्या तासांत टोंचूं लागतात. ज्यांच्या कानामागें श्रवणयंत्र असतें त्यांच्या बाबतींत वाटी जवळ येतांच कधीं कधीं शीळ वाजते. त्यांनीं आपल्या श्रवणतज्ज्ञास विचारून मगच काय तें ठरवावें.

आतां गाद्यांविषयीं. आपल्याकडे डोक्यास तेल लावण्याची चाल आहे, आणि ती चांगलीच आहे. परंतु तेल व घाम गादींत मुरले म्हणजे आंतला स्पंज बसतो. गादी बसली कीं कान पडद्याच्या अधिक जवळ जातो आणि स्वराचें वळण बदलतें. यंत्र बिघडलें अशी समजूत करून घेऊन पुष्कळ लोक नवें विकत घेतात. वास्तविक नव्या गाद्यांची एक जोडी घातली असतां जुनाच हेडफोन पूर्ववत् गाऊं लागतो. न्हाण्याच्या दिवशीं, केस कोरडे झाल्यावर ऐकावें. तेल लावलेलें असल्यास डोक्यावर धुतलेल्या मऊ कापडाची एक घडी टाकून वर कमान ठेवावी. मखमली गाद्या काढून कोमट पाण्यांत सौम्य साबणानें हलक्या हातानें धुतां येतात. त्या सावलींत पूर्ण सुकल्यावांचून पुन्हां बसवूं नयेत. कृत्रिम कातड्याच्या गाद्या आपल्या दमट हवेंत, विशेषतः कोंकणांत व मुंबईस, लवकर सोलवटतात. पावसाळ्यांत यंत्र खुंटीस टांगून न ठेवतां ओल शोषणाऱ्या पुड्या घातलेल्या झांकणाच्या डब्यांत ठेवावें. वजनाचाही विचार व्हावा. सपाट चुंबकीय पडद्याचे कांहीं प्रसिद्ध हेडफोन सहाशें ग्रॅमच्या घरांत जातात. ध्वनि कितीही सुंदर असला तरी ज्यांची मान दुखते त्यांनीं त्यांच्या वाटेस जाऊं नये. मानेकडे लक्ष गेलें कीं गाण्याकडचें लक्ष गेलेंच.

यंत्र नीट बसलें कीं नाहीं याची परीक्षा कशी करावी ? परदेशांतील परीक्षक त्यासाठीं तऱ्हेतऱ्हेचीं ध्वनिमुद्रणें वापरतात. आपल्याजवळ त्यांहून उत्तम साधन आहे, तें म्हणजे तानपुरा. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला, तर त्याचीं आंदोलनें सेकंदास सुमारें १३९ होतात. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा त्याच स्वरांत असतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारें ६९ वर असते. घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकवून जी जिवारी साधतात, तिच्यामुळें एका तारेंतून तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पांचपट असे वरचे स्वर उमटत जातात. खर्जाची पांचवी पट, सुमारें ३४६, हाच तो स्वयंभू गांधार, जो कोणीं न छेडतां ऐकूं येतो. मिरजेच्या ज्या तानपुऱ्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्यांची थोरवी तुंब्याच्या आकाराइतकीच या जिवारीच्या कौशल्यांत आहे. तेव्हां मिश्रण न केलेल्या नुसत्या तानपुऱ्याचें चांगलें ध्वनिमुद्रण मंद आवाजांत लावावें आणि डोळे मिटून बसावें. खर्जाची तार पोकळ लागली तर गादी कोठें तरी उचलली गेली आहे. झंकार कानांत सुईसारखा टोंचला तर वाटी फार पुढें किंवा मागें गेली आहे. आणि स्वयंभू गांधार आपोआप उमलूं लागला तर यंत्र जागेवर बसलें असें खुशाल समजावें.

याच वेळीं आणखी एक परीक्षा करून घ्यावी. ती यंत्रापेक्षांही आपल्या स्वतःच्या उपयोगाची आहे. जुनीं ध्वनिमुद्रणें एकमार्गी असतात, म्हणजे दोन्ही कानांस एकच ध्वनि जातो, आणि गवई बरोबर डोक्याच्या मध्यभागीं बसल्यासारखा वाटतो. तो एका बाजूस सरकलेला वाटला तर हेडफोन उलटा, डावी वाटी उजव्या कानावर अशा रीतीनें घालावा. गवई दुसऱ्या बाजूस गेला तर दोष यंत्राचा, वायरीचा अगर ध्वनिमुद्रणाचा समजावा. तो जर पहिल्याच बाजूस बसून राहिला, तर यंत्र निर्दोष असून आपल्या दोन कानांच्या शक्तींत फरक पडला आहे. पुष्कळदां हा मळाचा खडा असतो आणि डॉक्टर तो पांच मिनिटांत काढतात. कांहीं वेळां मात्र तें खरें बहिरेपणाचें पहिलें चिन्ह असतें व श्रवणचांचणी करून घेणें भाग असतें. एका कानाचें ऐकणें अचानक कमी झालें तर मात्र आठवडाभर वाट न पाहतां त्याच दिवशीं कानाच्या डॉक्टरांकडे जावें. अशा दुखण्यांत लवकर उपचार झाल्यास गुण येण्याचा संभव अधिक असतो.

आतां विजेचा हिशेब. तीनशें ओहम विद्युत्-रोधाच्या हेडफोनास दाब, म्हणजे व्होल्ट, बेताचे चांगले लागतात. एचडी ६०० यास एक व्होल्ट दिला असतां सुमारें ९७ डेसिबेल ध्वनि निघतो. आवाज मुळांतच मोठा ठेवून केलेल्या नव्या ध्वनिमुद्रणांस मोबाइलची साधी जोडणी पुरते. परंतु हळू आवाजांत मुद्रित झालेल्या जुन्या मैफलीस ती कमी पडते, आणि तेथें लहानसा अ‍ॅम्प्लिफायर उपयोगी ठरतो. तो घेतांना एक नियम ध्यानांत ठेवावा. अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा निर्गम-रोध हेडफोनच्या रोधाच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा. कारण असें कीं, या जातीच्या हेडफोनचा रोध सर्व स्वरांस सारखा नसतो. खर्जाच्या बाजूस तो चढतो, आणि अ‍ॅम्प्लिफायरचा रोध मोठा असेल तर त्या ठिकाणचे स्वर अवाजवी फुगतात. तबल्याचा डग्गा मग सर्व गाण्यावर बसतो. एवढें सांभाळल्यावर अ‍ॅम्प्लिफायरवर अधिक पैसे ओतल्यानें गाण्यांत भर पडत नाहीं. सोन्यारुप्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या वायरींविषयीं तर आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, मूळची वायर तुटकी नसेल तर ती बदलून गवई अधिक सुरेल होत नाहीं.

"यंत्र शंभर तास वाजविल्यावर मुरतें" असेंही पुष्कळ जण सांगतात. लोणचें मुरतें हें खरें. हेडफोनमध्यें बहुतांशीं गाद्या मऊ होतात आणि आपले कान त्या नव्या स्वराच्या वळणास सरावतात. म्हणून पहिल्याच दिवशीं मत ठरवूं नये. आठ-दहा दिवस, रोज तेंच एक ओळखीचें गाणें ऐकावें. तुलना करणें झाल्यास दोन्ही यंत्रांचा आवाज आधीं सारखा करून घ्यावा. जें किंचित् मोठें वाजतें तेंच आपल्या कानांस अधिक चांगलें वाटतें, आणि दुकानांत या दुर्बलतेचा फायदा सहज घेतला जातो.

जुन्या रेडिओवर गाणें गोड लागत होतें, या तक्रारीचाही विचार केला पाहिजे, कारण ती खोटी नाहीं. त्या लहान रेडिओंतून ६९ आंदोलनांचा खर्ज जवळजवळ निघतच नव्हता. परंतु त्याचे वरचे स्वर निघत होते, आणि मनुष्याचें मन त्या वरच्या स्वरांवरून गाळलेला खर्ज स्वतः भरून काढतें. ध्वनिशास्त्रांतील हा सिद्ध नियम आहे. रेडिओ ध्वनिमुद्रणांतील सुरसुर आणि खरखर गाळीत असे, आणि उरलेलें गाणें आपण मनानें पूर्ण करीत असूं. उत्तम हेडफोन कांहींच गाळीत नाहीं. १९३७ सालीं निवर्तलेले अब्दुल करीम खां यांच्या तीन तीन मिनिटांच्या तबकड्या त्यावर लावल्या तर प्रथम सुईची खरखरच ऐकूं येते. अशा वेळीं खरखर यंत्रानें पुसून टाकलेली आवृत्ति शोधूं नये. तिच्याबरोबर आवाजाची हवाही पुसली जाते. दोन मिनिटें धीर धरावा. पावसाच्या आवाजांतून माणसाचें बोलणें वेगळें काढावें तसे आपले कान खरखर बाजूस सारतात, आणि मग त्या मिरजेच्या गवयाचा एकेक स्वर असा लागतो कीं तो रेडिओवर कधींच तसा ऐकला नव्हता हें कळून येतें. पुढील काळांतील मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर, भीमसेन जोशी यांच्या मैफलींत तर श्वास कोठें घेतला, तानपुरा कोणत्या बाजूस आहे, तबलजीनें हात कधीं आंखडता घेतला, हें सर्व कळूं लागतें. कांहीं ध्वनिमुद्रणांत तबला एकाच कानांत आणि स्वर दुसऱ्याच कानांत असा प्रकार असतो. त्यासाठीं डाव्याचा थोडा अंश उजव्यांत व उजव्याचा डाव्यांत मिसळण्याची युक्ति बाऊर यानें १९६१ सालीं सुचविली, आणि ती सोय आतां पुष्कळ यंत्रांत व संगणकांत असते. ती चालू केली असतां डोकें शिणत नाहीं.

येथवर जें सांगितलें तें सुखाचें. यापुढचें राखणीचें, आणि आमच्या मतें तेंच या लेखांतील मुख्य. कानाच्या आंतील शंखांत जन्मतः सुमारें १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. त्या एकदां मेल्या कीं मनुष्याच्या शरीरांत पुन्हां उगवत नाहींत. मोठा आवाज त्यांस मारतो, आणि मारतांना दुखतही नाहीं. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनीं २०१९ सालीं जाहीर केलेल्या प्रमाणाप्रमाणें प्रौढ माणसास आठवड्यांत ८० डेसिबेलचा ध्वनि ४० तास, ही मर्यादा आहे. मुलांस तितक्याच तासांसाठीं ७५ डेसिबेल. दर ३ डेसिबेल वाढले कीं सोसण्याचा काळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला अवघे ५. पंख्याच्या घरघरीवर मात करण्यासाठीं बटण दोन घरें पुढें सरकविणारा मनुष्य आपल्या आयुष्याच्या श्रवणाची पुंजी किती झपाट्यानें खर्च करतो, हें यावरून समजेल.

घरीं मोजण्याचें यंत्र नसलें तरी उघड्या हेडफोनमध्यें एक सोपी कसोटी आहे. गाणें चालू असतांना हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसानें नेहमींच्या आवाजांत आपणांस हांक मारावी. ती ऐकूं आली तर आवाज बेताचा आहे, न आली तर तो ताबडतोब कमी करावा. ऐकून झाल्यावर कानांत शीळ घुमत राहिली तर मर्यादा ओलांडली गेली आहे, आणि दुसरे दिवशीं पूर्ण विश्रांति घेणें इष्ट. हळू आवाजांत खर्ज कमी लागतो ही अडचण खरी आहे. फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालींच दाखवून दिलें आहे कीं, आवाज लहान झाला म्हणजे आपल्या कानांस खालचे स्वर अधिक प्रमाणांत कमी ऐकूं येतात. त्यांत उघड्या जातींत अतिखर्ज मुळांतच थोडा हात राखून असतो. त्यावर उपाय, सर्वच आवाज वाढविण्याऐवजीं स्वरनियंत्रकानें नुसता खर्ज दोन-तीन डेसिबेल उचलावा, आणि जितका उचलला तितका एकंदर आवाज आधीं उतरवून ठेवावा, म्हणजे ध्वनि फाटत नाहीं. वय झालेल्यांस उंच स्वर कमी ऐकूं येतात हा कालधर्म आहे. ते परत आणण्याच्या हट्टानें वरचे स्वर चढवीत जाणें हितावह नाहीं, कारण ऐकूं आलें नाहीं तरी जोराचा ध्वनि कानावर आघात करावयाचा तो करतोच.

या हेडफोनवर घरांतल्या माणसांचा एक आक्षेप असतो, तो असा कीं, तें घालून बसलेला मनुष्य घरांत असून नसल्यासारखा होतो. बंद जातीच्या बाबतींत तो आक्षेप बरोबर आहे. उघड्या जातींत, वर सांगितलेल्या बेताच्या आवाजांत, दाराची घंटा ऐकूं येते, कुकरची शिट्टी ऐकूं येते, आणि "अहो, चहा निवतो आहे" हेंही ऐकूं येतें. ज्या गृहस्थास तें ऐकूं येत नसेल त्यानें आवाज कमी करावा. तीच त्याची कसोटी, आणि ती घेणारें माणूस घरांतच आहे.

आपल्या पूर्वजांनीं वेदांस श्रुति म्हटलें, आणि ज्ञानाच्या पायऱ्यांत श्रवणास पहिलें स्थान दिलें. त्या श्रवणास शांत जागा, स्थिर आसन आणि सावधान चित्त लागत असे. आजच्या यंत्रासही नेमकीं तींच तीन लागतात. तेव्हां ज्यांच्या कपाटांत असा हेडफोन असेल त्यांनीं तो खालीं काढावा, गाद्या तपासाव्या, आणि उद्यां पहांटे पंखा बंद करून प्रथम पांच मिनिटें तानपुरा, मग एकच राग, असा चाळीस मिनिटांचा क्रम करून पाहावा. गाणें संपल्यावर लगेच दुसरें लावूं नये. हेडफोन उतरवून थोडा वेळ तसेंच बसावें. कानांस विसावा मिळतो, आणि नुकतें ऐकलेलें गाणें मनांत पुन्हां एकदां सावकाश ऐकतां येतें.